बिनकाचेची खिडकी

६ नोव्हेंबर

काँग इबाने घर दिलं. वर्षभर नाहीच म्हणत होती. आज गेलो तर आधी लाल चहा पुढे केला, मग क्वायची थाळी सरकवली, आणि पानाला चुना लावता लावता म्हणाली, "घ्या घर. लाम्बोकची गाणी सगळे गातात, तो राहायचा कसा ते कुणाला ठाऊक नाही. तेवढं तरी नीट दाखवा."

वही नवी आहे, म्हणून मुळापासून लिहून ठेवतो. लाम्बोक तिचा थोरला भाऊ, 'रस्टी बेल'चा गायक. शिलाँगच्या कुठल्याही टॅक्सीत बसा, त्याची कॅसेट वाजते. जायावातल्या याच घराच्या मागच्या खोलीत तो गेला. कडाक्याची थंडी, पोटात रम, पेटती कोळशाची शेगडी आणि बंद खिडकी. सकाळी काँग इबाने दार फोडलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. आणि मी शानबोर, त्याचा फोटोग्राफर. पायरीवर ब्लँकेट गुंडाळून बसलेला लाम्बोक, तो जगप्रसिद्ध फोटो माझा. आता मी त्याच्यावर सिनेमा करतोय. माझा पहिला. पन्नाशीला टेकल्यावर पहिलं काहीही करू नये असं माझी बायको मेरिसा म्हणते, पण तिला माझं दुसरं-तिसरंही कधी पसंत पडलेलं नाही.

काँग इबाची एकच अट. "तुमचा तो लाम्बोकचं काम करणारा पोरगा, दमन. तो दारूतून उठलाय असं ऐकलं. माझ्या घरात त्याला थेंब मिळता कामा नये. बाटलीत चहा भरा, पाणी भरा, काय हवं ते भरा. मी या घरातून एक बाहेर काढलाय, बाह शान. दुसरा काढणार नाही."

मी शब्द दिला. क्वाय खाल्ली. सुपारी ओली होती, कान गरम झाले.

१५ नोव्हेंबर

दमनला मागच्या खोलीत राहायला पाठवलं. तो नोंगस्टॉइनपलीकडल्या खेड्यातला, इथे त्याचं कुणी नाही, पोलीस बाजारातल्या हॉटेलात गात होता. मिशनवाल्यांच्या केंद्रात राहून आलाय, वर्षभर बाटलीला शिवलेला नाही. मी त्याला आवाजासाठी घेतलं असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे डोळ्यांसाठी घेतलं. काठावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे आहेत. असे डोळे नटाला शिकवता येत नाहीत.

खोली पाहून वैताग आला. लाम्बोकच्या वेळची खिडकी कुठाय? नुसतं भोक. काँग इबाने तावदानं चौकटीसकट काढून टाकली आहेत आणि तिथे कोंबड्यांची जाळी ठोकली आहे. वारा आरपार जातो. "थंडीत इथे माणूस कसा झोपेल?" मी विचारलं. "तीन ब्लँकेटं घेऊन," ती म्हणाली. भावाच्या आठवणीने माणसं काय काय करतात. मी सुताराला बोलावून जुन्या फोटोवरून हुबेहूब खिडकी करून घेतली. लांबी भरून घट्ट बसवली, वर जुना रंग. फटीतून सुई जाणार नाही. काँग इबा दारात उभी राहून पाहत होती. काही बोलली नाही, म्हणजे आवडली असावी.

२७ नोव्हेंबर

चित्रीकरण सुरू झालं. रस्त्यावर चेरी फुलली आहे, तिच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलंय. लाम्बोकच्या आयुष्यात फुलं नव्हती.

फोटो काढणं आणि सिनेमा करणं यांत एवढाच फरक आहे की फोटोत माणूस हलला तर तुम्ही वैतागता आणि सिनेमात नाही हलला तर. मी अजून दोन्हीला वैतागतो. कॅमेरामन दीपंकर गुवाहाटीचा आहे, शांत माणूस. तो मला म्हणाला, "दादा, तुम्ही प्रत्येक शॉट भिंतीवर टांगायला घेताय." खवचट आहे, पण खोटं नाही.

दमन चांगलं करतोय. नको इतकं चांगलं, नको इतकं स्वच्छ. लाम्बोक वाटत नाही, लाम्बोकचा धाकटा भाऊ वाटतो, जो रविवारी चर्चला जातो.

२ डिसेंबर

आज पायरीचं दृश्य. माझ्याच फोटोचं.

ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. पायऱ्यांवर पांढरं दहिवर, लाम्बोकचे हात थरथरत होते, तो बाहेर यायलाच तयार नव्हता. मी कोपऱ्यावरून अर्धी बाटली आणली तेव्हा कुठे स्वारी ब्लँकेट लपेटून पायरीवर येऊन बसली. दोन घोट गेले आणि डोळ्यांत तो उजेड आला. मी अख्खा रोल संपवला. काय माणूस होता. कॅमेऱ्यासाठी काहीही करायचा. त्याच महिन्यात गेला, म्हणून लोक म्हणतात की त्या फोटोत त्याला मरण दिसतंय. मी त्यांना नाही म्हणत नाही.

दमनने चहा पिऊन केलं. चहा पिणाऱ्या माणसासारखं केलं. पुन्हा केलं. दीपंकर म्हणाला, "झालं की, सुंदर आहे." सुंदर होतं, खोटं होतं. ऊन वर चढत होतं, दहिवर जायला लागलं होतं, आणि ते एकदा गेलं की दृश्य गेलं.

मग मी काँग इबाला कुर्त्याच्या बटणासाठी बाजारात पाठवलं. ती गेल्यावर दमनला बाजूला घेतलं. "एक घोट," मी म्हणालो. "तोंडात धर, गिळू नकोस हवं तर."

दमनने बाटली हातात घेतली. "बाह, मला गिळू नकोस म्हणणं म्हणजे..." आणि हसला.

"थंडी आहे," मी म्हणालो. "औषध समज."

त्याने गिळला. आणि तो उजेड आला. तोच. मी चौदा वर्षांनी तो पुन्हा पाहिला. एकाच टेकमध्ये झालं. दीपंकरने कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि भिंग पुसायला घेतलं. त्यालाही भरून आलं असावं.

कुर्त्याचं बटण काँग इबाने स्वतः शिवलं. चांगली बाई आहे.

३ डिसेंबर

दमन सकाळी फार बोलत होता. सगळ्यांना जोक सांगत होता. खुलला पोरगा. मला वाटलंच होतं, एकदा त्याची भीती मोडली की खुलेल.

११ डिसेंबर, रविवार

चर्चहून येताना काँग इबाने गाठलं. आजूबाजूला सगळी जायावाची बायामंडळी चौकटीच्या शाली पांघरून, म्हणून हळू बोलली.

"दमनच्या खोलीत वास येतो."

"खोकल्याचं औषध घेतोय तो," मी म्हणालो. त्यानेच मला तसं सांगितलं होतं.

"लाम्बोकही खोकल्याचं औषध घ्यायचा."

"काँग, तुम्हाला सगळीकडे लाम्बोक दिसतो."

"तुम्हीच तर खोलीत आणून बसवलाय," ती म्हणाली आणि छत्री उघडून चालू लागली. पाऊस नव्हता. तिला माझ्याबरोबर चालायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

मनाला लागलं. मी काय त्याला बाटल्या पाजतोय? एक घोट दिला होता. बरं, नंतर हॉटेलातल्या भांडणाच्या दृश्यात दिला, आणि पुलावरच्या. तिन्ही दृश्यं सिनेमातली सगळ्यात जिवंत आहेत. तो मोठा माणूस आहे, घरी गेल्यावर काय करतो ते माझ्या हातात आहे का?

२८ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत दमन गावी जाणार होता, गेला नाही. बहिणीने बोलावलं होतं, ती डुकराचं मटण आणि पुक्लेइनच्या गोड पुऱ्या करून वाट बघत होती म्हणे. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणाला. मला बरंच वाटलं, गावाकडे चार दिवस गेला असता तर गालफडं भरून आला असता आणि आधीच्या दृश्यांशी जुळलं नसतं.

रात्री जेवताना मेरिसाला त्याचे फोटो दाखवले. सासूबाईही वाकून बघत होत्या. मेरिसा म्हणाली, "हा पोरगा आजारी आहे."

"अभिनय करतोय."

"नखं बघ त्याची. नखं अभिनय करतात का?"

या घरात मी वीस वर्षं घरजावई आहे, माझी डार्करूम अजून न्हाणीघरात आहे, आणि माझ्या कामाबद्दल प्रत्येकाचं मत आहे. लाम्बोकने यावर गाणं केलं होतं. आईचं घर धाकट्या बहिणीचं, बायकोचं घर सासूचं, मी माझे बूट कुठे काढू? कॉलेजची पोरं ते नाचत म्हणतात. बायको असलेली माणसं बसून ऐकतात.

९ जानेवारी

आज जे झालं ते कुणाच्या नशिबी दोनदा येत नाही.

दृश्य होतं लाम्बोकच्या मृत्यूनंतरच्या जागरणाचं. शवपेटी पुढच्या खोलीत, अंगणात ताडपत्री, बाकं, लाल चहाची मोठी किटली. मला भाड्याची बाकं नको होती. वस्तीच्या दरबार हॉलमधली, म्हणजे पंचायतीची, हिरवी बाकं हवी होती. आमच्याकडे कुणाच्याही घरी माणूस गेला की तीच बाकं निघतात, तीच ताडपत्री, तेच पिवळे बल्ब. मुखिया बाह स्केम यांच्याकडे मागायला गेलो, ते गुवाहाटीला निघायच्या गडबडीत होते. "सिनेमाला ना? न्या," म्हणाले आणि किल्ली पुतण्याकडे देऊन गेले.

वस्तीतल्या पोरांनी बाकं खांद्यावर घेऊन रस्त्याने आणली. कुणाला काही सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आमच्या जायावात हिरवी बाकं रस्त्याने जाताना दिसली की कोण गेलं ते विचारत बसत नाहीत. बाकं ठेवतात त्या घरी जातात.

आम्ही दिवे लावतोय, पेटीत दमन पडलाय, नाकात कापूस. आणि फाटकातून शेजारची मेइ सिल्डा आत आली. हातात साखरेचा पुडा, डोक्यावरून शाल. तिच्यामागे पावाच्या दुकानाची काँग रिटी. मग चार बाप्ये टोप्या काढून. मग रीघच लागली. माझी भाड्याने आणलेली माणसं उठून उभी राहिली आणि खरी माणसं बाकांवर बसली. कुणीतरी किटलीतला चहा ओतायला घेतला. बायकांनी भजन धरलं. ठरवून बसवलं असतं तर महिनाभर लागला असता असे तीन सूर.

दीपंकरने माझ्याकडे पाहिलं. मी बोट फिरवलं, चालू ठेव.

"दादा, यांना माहीत नाही," तो पुटपुटला.

"म्हणूनच चालू ठेव."

मेइ सिल्डा आत गेली. ऐंशीची म्हातारी, तिची नजर अधू. पेटीजवळ उभी राहिली. लाम्बोकच्या वेळी ती सोहराला मुलीकडे अडकली होती, जागरणाला येऊ शकली नव्हती, त्याची टोचणी तिला अजून आहे हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. ती वाकली आणि म्हणाली, "इबाचा भाडेकरू ना रे तू? कोण होती तुझी आई, बाळा?" आणि रडली. दमन तसाच पडून होता. ती असं रडत होती की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, ठेवून थांबली, आणि वळून म्हणाली, "हा गरम आहे."

भजन एकेका सुराने थांबलं. दमन उठून बसला, नाकातला कापूस काढला आणि म्हणाला, "माफ करा, मेइ." तो रडत होता. तिथे मात्र मला कॅमेरा थांबवावा लागला.

लोक उठले, टोप्या घातल्या आणि गेले. मेइ सिल्डा साखरेचा पुडा परत घेऊन गेली. काँग इबा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

टेक मी पुन्हा पुन्हा पाहिला. अप्रतिम. एकच खोट आहे. म्हातारी रडत असताना दमनची छाती हलते. श्वास दिसतो. ओरडून सांगितलं होतं त्याला, श्वास रोख म्हणून. एवढी एक गोष्ट जमली नाही पोराला.

१३ जानेवारी

वस्ती रागावली होती ती आता हसायला लागली आहे. राग परवडला असता. दमन पाव आणायला गेला की काँग रिटी ओरडते, "मढं आलंय गं, त्याला ताजा पाव दे." टॅक्सीवाले विचारतात, "काय मढ्या, वर क्वाय चांगली मिळते का?" मेलेला माणूस देवाच्या घरी क्वाय खायला गेला असं आमच्यात म्हणतात, त्यावरून. आज पोलीस येतात ते दृश्य घेतलं. जीप फाटकाशी थांबली आणि आख्खी गल्ली भिंतीवर बसून बघत होती. "मढ्याला अटक करा," पोरं ओरडत होती. दमनने हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. गंमत करत होता, पण हात बराच वेळ जोडलेलेच होते.

संध्याकाळी तो माझ्यापाशी येऊन बसला. "बाह, त्या दिवशी पेटीत मला बरं वाटलं," म्हणाला. "एवढी माणसं माझ्यासाठी रडली."

"तुझ्यासाठी नाही, वेड्या. दृश्यासाठी."

"दृश्याचं त्यांना कुठे माहीत होतं?"

मी म्हटलं, हे लक्षात ठेव, शेवटच्या दृश्यात उपयोगी पडेल.

१६ जानेवारी

शेवटचं दृश्य राहिलंय. लाम्बोकची अखेरची रात्र. खोली, शेगडी, बंद खिडकी. दमनला शेगडी पेटवता येत नाही, त्याच्या गावाकडे लाकडाची चूल. कोळसे हाताळतानाचे हात शहरातल्या माणसासारखे दिसले पाहिजेत. म्हणून शेगडी आणि कोळशाची पिशवी आजच त्याच्या खोलीत ठेवून दिली. "दोन-तीन रात्री हिच्याशी मैत्री कर," मी सांगितलं. "तो कसा बसला असेल, कसा झोपला असेल, बघ. मला दाखवायला नको, तुझं तुला कळू दे." त्याला कल्पना आवडली. थंडीही बेसुमार पडली आहे, नळाचं पाणी गोठतंय. ऊब तरी मिळेल.

काँग इबा मावलाइला मावशीकडे गेली आहे, तिची मावशी अंथरुणाला खिळली आहे. बरं झालं. शेगडी पाहिली असती तर उगीच बोलली असती.

२० जानेवारी

दमन गेला.

काल सकाळी काँग इबा मावलाइहून परतली. मागच्या खोलीचं दार वाजवलं, मग फोडलं. मला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "या." मी पोहोचलो तेव्हा खिडकी सताड उघडी होती, म्हणजे होती ती खिडकीच नव्हती, तिने स्टुलाने काच फोडली होती. शेगडीत राख. पलंगाखाली माझ्या ओळखीची बाटली आणि काही माझ्या ओळखीच्या नसलेल्या. त्याने तिन्ही ब्लँकेटं घेतली होती आणि लाम्बोकसारखा कुशीवर झोपला होता. लाम्बोकच्या वेळच्या पोलिसांच्या फोटोत आहे तसाच.

पोलिसांची जीप आली. भिंतीवर पोरं येऊन बसली आणि हसायला लागली. "पुन्हा घेताय? त्या दिवशी नीट नाही आलं का?" मी त्यांच्या अंगावर धावून गेलो तर आणखी हसली. त्यांना वाटलं माझंही काम आहे सिनेमात.

सरकारी दवाखान्यातून दुपार उलटल्यावर सोडलं. बहिणीला निरोप गेला होता, पण तिकडला रस्ता तो, सकाळशिवाय कुणी पोहोचणार नव्हतं. दीपंकर म्हणाला की दवाखान्यातच ठेवू. काँग इबा म्हणाली, "माझ्या घरात गेला, माझ्या घरून जाईल." आणि पुढची खोली झाडून घेतली. बाह स्केम अजून गुवाहाटीलाच. त्यांच्या पुतण्याने किल्ली दिली, हसतच दिली. बाकं मी आणि दीपंकरने वाहिली. तीच हिरवी बाकं, तोच रस्ता. लोक दारात उभे राहून बघत होते.

कुणी आलं नाही.

आमच्यात असं होत नाही. भिकारी मेला तरी वस्ती येते, तीन रात्री कुणी एकटं पडत नाही. काल बल्ब लागले, किटली उकळली, ताडपत्रीखाली ती सगळी बाकं आणि त्यावर मी आणि दीपंकर. आत काँग इबा पेटीच्या उशाशी एकटी.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. "त्या दिवशी तुम्ही न बोलावता सगळे आले," ती म्हणाली. "आता बोलावून आणा."

मी दारोदार गेलो. काँग रिटी शटर ओढत होती. "दमन वारला," मी म्हणालो. ती म्हणाली, "पुन्हा?" मी सांगितलं, खरंच वारला. "त्या दिवशी कमी खरं होतं का? मी घरी जाऊन जेवले नाही त्या रात्री." पुढच्या घरात माणसं जेवत होती, त्यांनी माझ्यामागे अंधारात वाकून पाहिलं, कॅमेरा कुठे ठेवलाय म्हणून. तेव्हा मला कळलं की माझ्या गळ्यात उजेड मोजायचं यंत्र लटकतंय. सकाळी घर सोडताना सवयीने घातलं असणार. काढून खिशात टाकलं, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. "तुम्ही चांगलं करता हो काम," एक म्हातारा मला म्हणाला. "डोळे अगदी खरे रडल्यासारखे लाल झालेत."

शेवटी मेइ सिल्डाकडे गेलो. ती चुलीपाशी बसली होती. मी सांगितलं. ती लाकडं सारत राहिली. मी गुडघे टेकून सांगितलं, मेइ, येशूची शपथ. ती म्हणाली, "एकदा माझ्या हाताला तू फसवलंस. जा."

परत येऊन बाकावर बसलो. चहावर साय धरावी तसा थर धरला होता.

मग फाटक वाजलं. मेइ सिल्डा एकटीच, काठी टेकत. माझ्याकडे न बघता आत गेली. मी दारातून पाहत होतो. ती पेटीवर वाकली आणि तिने कपाळावर हात ठेवला. ठेवला आणि काढला नाही. तसाच ठेवून उभी राहिली, कितीतरी वेळ, त्याला ऊब देत असल्यासारखी. मग काँग इबाचा हात धरून बाहेर आली, रस्त्यावर गेली आणि घराघराकडे तोंड करून साध्या आवाजात म्हणत गेली, "गार आहे. या. पोरगं गार आहे."

सगळे आले. काँग रिटी चपला न घालता आली. भिंतीवरची पोरं आली आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसली. भजन झालं, पण त्या दिवसासारखं लागलं नाही, आवाज फुटत होते. क्वायची थाळी फिरली. काँग इबा स्वतः घेऊन फिरत होती. दीपंकर परका, तरी त्याच्यापुढे धरली. माझ्या पुढून ती तशीच गेली. मला वाटलं चुकून राहिलो. दुसऱ्यांदाही थाळी पुढून गेली. आमच्यात दारात आलेल्या वैऱ्यालाही क्वाय देतात. शेजारच्या माणसाने त्याच्या हातातला विडा अर्धवट माझ्याकडे सरकवला आणि मग मागे घेतला.

सकाळी बहीण आली. तिने मला विचारलं, "तो पीत होता का?" मी म्हणालो, "मला माहीत नाही."

५ फेब्रुवारी

आज एक टॅक्सी दारात थांबली. ड्रायव्हरने टपावरून खिडकी उतरवली. माझ्या सुताराने केलेली, तावदानं फुटलेली, चौकट उखडलेली. लांबी अजून घट्ट होती. "काँग इबाने दिलीय," तो म्हणाला. "तुमची आहे म्हणाली." चिठ्ठी वगैरे काही नाही.

सासूबाईंनी विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, सामान. मेरिसाने ती न्हाणीघरात माझ्या डार्करूमच्या भिंतीला टेकवून ठेवली. तिला सगळं कळलंय. ती भांडत नाही, तेच वाईट. नेहमी भांडते.

मी त्याला मारलेलं नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता, बाटली त्याने विकत घेतली, खिडकी त्याने लावली. दीपंकरला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "हो दादा." गेले दोन आठवडे तो मला एवढंच म्हणतो.

२६ फेब्रुवारी

कोलकात्यात. संकलन सुरू आहे. शेवटचं दृश्य घेतलेलंच नाही, तरी निर्माता म्हणतो त्याची गरज नाही, जागरणावर सिनेमा संपव, आणि शेवटी काळ्या पडद्यावर दमनचं नाव. लोक उठणार नाहीत खुर्चीवरून, म्हणाला. त्याचं बरोबर आहे. मी पाहिलं तेव्हा मलाही उठता आलं नाही.

संकलक तरुण मुलगी आहे, हुशार. मेइ सिल्डा रडते त्या ठिकाणी तिने थांबवलं. "सर, इथे छाती हलतेय," ती म्हणाली. "थोडी चौकट गोठवली की जाईल. कुणाला कळणार नाही."

मी म्हणालो, "राहू दे."

"पण सर, तो मेलेला आहे ना?"

"राहू दे म्हटलं ना."

ती जेवायला गेली तेव्हा मी तो तुकडा पुन्हा लावला. म्हातारी वाकते, विचारते, कोण होती तुझी आई, बाळा. तेव्हा कुर्त्याचं दुसरं बटण जरासं वर येतं आणि खाली जातं. तेच ते बटण, काँग इबाने शिवलेलं. मी मागे नेलं, पुन्हा लावलं. ती परत आली तरी मी तेच बघत होतो. तिने विचारलं, "सर, पुढे जायचं का?" मी म्हणालो, थांब थोडं.